लष्करी रिपोर्टची वाक्यं: कोणतं साधन कामाचं, कोणतं नुसतं चकचकीत

अमेरिकी हवाई दलातल्या सार्जंटच्या वर्षभराच्या कामाला मूल्यमापनात जागा किती मिळते? चार चौकटी: मोहिमेची अंमलबजावणी, माणसांचं नेतृत्व, साधनसंपत्तीचा वापर आणि युनिटमधली सुधारणा. एका चौकटीत 350 कॅरेक्टर, तेही स्पेस धरून. म्हणजे इंग्रजीत जेमतेम पन्नास-साठ शब्द. बढतीचं बोर्ड किंवा पुरस्काराची समिती तुम्हाला ओळखत नसते, तिच्यासमोर फक्त कागद असतो. त्यामुळे ही वाक्यं लिहायला मदत करणाऱ्या साधनांचा सुळसुळाट झाला आहे. अधिकृत हस्तपुस्तिका आहे, ओळी मापात बसवणारी वेबसाइट आहे, तयार वाक्यांच्या ‘बुलेट बँका’ आहेत, एआय चॅटबॉट आहेत आणि पैसे घेऊन लिहून देणारेही आहेत.

या सगळ्यांना इथे एकच कसोटी लावली आहे. साधन लिहिणाऱ्याकडून माहिती काढून घेतं, की हातात असलेल्या अर्धवट माहितीवर पॉलिश मारतं? पॉलिश मारणारी साधनं भरपूर आहेत. माहिती काढून घेणारी दोनच सापडतात, आणि ती दोन्ही दिसायला कंटाळवाणी आहेत.

फॉर्म अर्थातच इंग्रजीत भरायचे असतात. इथली उदाहरणं मराठीत आणि कल्पित आहेत, कारण वाक्य फसतं ते बहुतेक वेळा भाषेमुळे फसत नाही, आतल्या मजकुरामुळे फसतं.

हस्तपुस्तिका: जुनी, फुकट आणि अजून खणखणीत

हवाई दलाची लेखनाची हस्तपुस्तिका म्हणजे एएफएच 33-337, ‘द टंग अँड क्विल’. इथे 2015 ची आवृत्ती धरली आहे. त्यात कामगिरीची वाक्यं लिहिण्याची तीन पायऱ्यांची रीत आहे: आधी तथ्यं बाहेर काढा, मग सांगाडा उभा करा, शेवटी छाटणी करा. वाक्याकडून तीन अपेक्षा आहेत: अचूक, थोडक्यात, नेमकं. हे वाचून ‘यात नवीन काय?’ असं वाटेल. नवीन काहीच नाही. पण बहुतेकजण पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारतात. हातात काही नसताना क्रियापद बदलत बसतात. हस्तपुस्तिका तथ्यांना आधी बसवते, आणि तिचं मोल त्यातच आहे.

एक वाक्य घेऊन ही रीत चालवून बघू. वाहन-देखभाल विभागातल्या स्टाफ सार्जंटने स्वतःबद्दल दिलेला मजकूर असा:

“विमानांवरचा बर्फ काढणाऱ्या गाड्यांच्या देखभालीची जबाबदारी सांभाळली, हिवाळ्याआधी उत्कृष्ट काम करून मोहिमेला मोठा हातभार लावला.”

यात खोटं काही नाही, पण खरं म्हणावं असंही काही नाही. पहिला अर्धा भाग म्हणजे नेमणुकीचं वर्णन. ती जबाबदारी त्या खुर्चीवर बसणाऱ्या कोणाचीही असते. दुसऱ्या अर्ध्यात ‘उत्कृष्ट’ आणि ‘मोठा’ ही दोन विशेषणं सोडली तर हाती शून्य उरतं. आता पहिली पायरी. प्रश्न विचारायचे आणि उत्तरं कागदावर घ्यायची. ताफ्यात डी-आयसर, म्हणजे बर्फ काढणाऱ्या गाड्या, किती? सहा. बंद किती होते? चार. का बंद होते? हायड्रॉलिक पंपाचे सील गळत होते आणि हीटरच्या बर्नरचे नॉझल चोंदले होते. दुसरा मार्ग काय होता? बाहेरचा ठेकेदार, कोटेशन 31,000 डॉलर, मुदत सहा आठवडे. प्रत्यक्षात काय केलं? तिघांनी नऊ दिवसांत चारही गाड्या चालू केल्या, सुटे भाग लागले 6,400 डॉलरचे. मग पुढे काय झालं? पहिल्या हिमवादळात चौदा विमानं ठरल्या वेळी उडाली, डी-आयसर नाही म्हणून एकही थांबलं नाही.

यातून उभं राहणारं वाक्य:

“तिघांच्या टीमचं नेतृत्व करून बंद पडलेले 4 डी-आयसर 9 दिवसांत दुरुस्त केले, ताफ्यातल्या चालू गाड्या 2 वरून 6 झाल्या, 24,600 डॉलरचा खर्च टळला आणि पहिल्या हिमवादळात 14 विमानं वेळेवर उडाली.”

हे वाक्य छान वाटतं, पण आकड्यांची झडती अजून बाकी आहे. हस्तपुस्तिका नेमकी इथे हात आखडता घेते, आणि रिपोर्ट परत येतात तेही इथेच.

पैशाचं बघा. पहिल्या मसुद्यात हमखास ‘31,000 डॉलर वाचवले’ असं असतं. पण 6,400 चे सुटे भाग आपण विकत घेतलेच, तेव्हा फरक 24,600 चा. शिवाय हे पैसे बजेटमधून परत आलेले नाहीत, ते खर्चच झाले नाहीत. म्हणून ‘वाचवले’पेक्षा ‘खर्च टळला’ हे खरं. कोणी विचारलं तर दाखवायला कोटेशनचा कागद आणि सुट्या भागांची बिलं हवीत. कोटेशन तोंडी असेल तर आकडा सोडून द्यावा आणि सहा आठवड्यांचं काम नऊ दिवसांत झालं, एवढंच ठेवावं.

टक्केवारीचं तर वेगळंच प्रकरण. दोनाच्या सहा गाड्या झाल्या म्हणजे गणिताने 200 टक्के वाढ. कागदावर झकास दिसतं. पण बोर्डावरचा मुरलेला चीफ, म्हणजे सर्वात वरच्या हुद्द्याचा सार्जंट, ‘200 टक्के’ वाचला की पहिला प्रश्न विचारतो: कितीवरून? लहान संख्येची टक्केवारी ही लपवाछपवीची खूण मानली जाते. सहा गाड्यांच्या ताफ्यात ‘2 वरून 6’ हेच जास्त वजनदार. आकडे शेकड्यात किंवा हजारांत असतील तर टक्केवारी घ्यावी, आणि तेव्हाही मूळ संख्या जवळ ठेवावी.

चौदा विमानांचा आकडा डी-आयसर दुरुस्त करणाऱ्याच्या वहीत नसतो, तो फ्लाइटलाइनच्या, म्हणजे विमानं उभी राहतात तिथल्या, नोंदीत असतो. तो मागून घ्यावा लागतो. परिणाम जवळजवळ नेहमी दुसऱ्याच्या दप्तरात असतो. तुमच्या दप्तरात असते ती फक्त कृती. वाक्यं अर्धवट राहतात त्यामागे आळसापेक्षा हे कारण मोठं आहे.

आणि ‘नेतृत्व केलं’? ते खरंच केलं असेल तर ठीक. तिघांपैकी एक असाल आणि नॉझलचा दोष तुम्ही हुडकला असेल तर तेच लिहा: “नॉझलमधला दोष शोधून काढला, त्यामुळे 4 गाड्यांच्या दुरुस्तीचा मार्ग मोकळा झाला.” नेमका शोध हा उसन्या नेतृत्वापेक्षा कधीही भारी. त्या टीममधल्या तिघांच्याही रिपोर्टवर ‘लेड’, म्हणजे ‘नेतृत्व केलं’, असेल आणि तिन्ही रिपोर्ट एकाच टेबलावर आले, तर तिघांचीही पत जाते. असं होणं अगदी शक्य आहे, कारण तिघं एकाच युनिटचे असतात.

हुद्द्याचा मुद्दाही हस्तपुस्तिकेत पुरेसा येत नाही. वरचं वाक्य स्टाफ सार्जंटला शोभतं. तेच त्याहून वरिष्ठ मास्टर सार्जंटच्या नावावर टाकलं तर उलट कमी वाटतं. मास्टर सार्जंट स्वतः पाना घेऊन बसला असेल तर बोर्डाला प्रश्न पडतो की बाकीचा विभाग कोण चालवत होतं? त्याच्या वाक्यात हिवाळ्यापूर्वीच्या तपासणीचं वेळापत्रक, तयार झालेली माणसं, पुढच्या वर्षीसाठी मंजूर करून घेतलेला सुट्या भागांचा साठा असं काही यायला हवं. काम तेच, पण उचलायचा तुकडा वेगळा.

परिणाम किती वर न्यायचा, याचंही तारतम्य लागतं. स्क्वाड्रन, ग्रुप, विंग, मग कमांड अशी शिडी आहे. जिथपर्यंत पुरावा पोचतो तिथपर्यंत चढावं. चार गाड्या दुरुस्त करून ‘राष्ट्रीय संरक्षण बळकट केलं’ असं लिहिणारे दरवर्षी असतात. त्या ओळीने वाचणारा हसतो आणि पुढच्या खऱ्या ओळींवरही संशय घेतो.

निकाल: हस्तपुस्तिका हाताशी हवीच. तिची उदाहरणं जुन्या बुलेट पद्धतीची, म्हणजे तुटक मुद्द्यांच्या ओळींची आहेत, पण तीन पायऱ्या आजच्या पद्धतीतही जशाच्या तशा चालतात.

ओळ मापात बसवणारी साधनं: कसब अफाट, गरज संपली

जुन्या पद्धतीचं हे स्मारकच म्हणावं लागेल. हवाई दलाच्या एनलिस्टेड (अधिकारी नसलेल्या सैनिकांच्या) रिपोर्टमध्ये, म्हणजे फॉर्म 910 आणि 911 वर, आणि पुरस्काराच्या फॉर्म 1206 वर प्रत्येक बुलेट सहसा एका ओळीत बसवायची असे. ठराविक टंक (फॉन्ट), ठराविक आकार, ओळीची लांबी सुमारे 202 मिलिमीटर. ओळीच्या शेवटी पांढरी जागा राहिली की ‘याच्याकडे सांगायला काही नव्हतं’ असा अर्थ लावला जाई. हा नियम कुठे लिहिलेला होता म्हणून नव्हे, रूढी म्हणून.

मग यावर तोड निघाली. टाइम्स टंकात साधी स्पेस अक्षरमापाच्या पाव भाग रुंद असते, म्हणजे 12 पॉइंटला 3 पॉइंट. युनिकोडमध्ये एक-तृतीयांश रुंदीची स्पेस आहे, ती 4 पॉइंट भरते, आणि एक-षष्ठांश रुंदीची आहे, ती 2 पॉइंट. साधन ओळ मोजतं, आखूड असेल तर साध्या स्पेस रुंद करतं, लांब असेल तर अरुंद. ओळीत दहा स्पेस असतील तर दोन्हीकडे 10 पॉइंट, म्हणजे साडेतीन मिलिमीटरपर्यंत हात मारता येतो. शब्द एकही बदलत नाही आणि ओळ काठोकाठ भरते. कारागिरी म्हणून दाद द्यावी अशीच गोष्ट आहे.

पण 2022 च्या ऑक्टोबरपासून फॉर्म 1206 वर आणि त्यानंतर मूल्यमापनांवरही हवाई दलाने सलग वाक्यांची पद्धत आणली. आता मोजली जातात कॅरेक्टर, रुंदी नाही. अरुंद स्पेससुद्धा एक कॅरेक्टरच खाते. त्यामुळे हे साधन आता फक्त कॅरेक्टर मोजायला उपयोगी. जुन्या फाइलमधून मजकूर उचलून नव्या प्रणालीत चिकटवला तर या खास स्पेस सोबत येतात आणि कुठे तरी भलतीच खूण होऊन उमटतात. चिकटवण्याआधी मजकूर साध्या टेक्स्ट एडिटरमधून काढावा आणि सगळ्या स्पेस साध्या करून घ्याव्यात. नौदलाच्या मूल्यमापनातल्या शेऱ्यांचा टंक कुरिअर. त्यात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखीच, त्यामुळे ही जादू तिथे मुळातच चालत नाही.

जुन्या पद्धतीने आणखी एक सवय मागे ठेवली आहे, संक्षेपांची. ओळ भरायची आणि पुन्हा मावायलाही हवी, म्हणून शब्दांचे स्वर काढून टाकत. अजूनही कित्येक मसुद्यांत ती भाषा दिसते. नव्या पद्धतीचा हेतूच असा की दुसऱ्या विभागातल्या माणसाला वाक्य एका वाचनात कळावं. तुमच्या विभागातला संक्षेप बोर्डावरच्या वैद्यकीय विभागातल्या माणसाला कळणार नाही. त्याला न कळलेलं काम झालंच नाही, असं धरून चाला.

बुलेट बँका: वाचा, उचलू नका

तयार वाक्यांचे हे साठे विभागवार लावलेले असतात: देखभाल, पुरवठा, वैद्यकीय, सुरक्षा. तिथलं वाक्य उचलून त्यात आपला आकडा घालणं हा सर्वात वाईट उपयोग. वाचणारे वर्षाला शेकडो रिपोर्ट वाचतात, त्यांना तो साचा तोंडपाठ असतो. शिवाय साच्यातलं क्रियापद दुसऱ्याच्या कामाचं असतं. ते तुमच्या कामावर चढवलं की वाक्य थोडं थोडं खोटं व्हायला लागतं.

एक चांगला उपयोग मात्र आहे. आपल्या विभागातली पन्नास-साठ वाक्यं घ्यावीत आणि त्यांचा फक्त शेवट वाचावा. आपल्या धंद्यात लोक काय मोजतात ते कळतं. पुरवठ्यात मागणी ते पोच हा वेळ आणि साठ्याची अचूकता. वैद्यकीय विभागात तैनातीयोग्य माणसांचं प्रमाण. देखभालीत सज्ज विमानं आणि पुन्हा उद्भवलेले दोष. हे कळलं की वर्षभर कोणती नोंद ठेवायची तेही कळतं. एवढं झालं की ते पान बंद करावं.

एआय चॅटबॉट: भाषा गुळगुळीत, आकडे उसने

सध्या सगळ्यांचा कल याकडे. आधी सुरक्षेचं: सार्वजनिक चॅटबॉटमध्ये युनिटचं नाव, माणसांची नावं, ओळख क्रमांक, तैनातीच्या तारखा, उपकरणांची सज्जता असलं काही टाकायचं नाही. एकेक तुकडा निरुपद्रवी वाटतो, पण ‘अमुक तळावर सहापैकी चार डी-आयसर बंद’ ही माहिती बाहेरच्या सर्व्हरवर जाण्याचं काहीच कारण नाही. जून 2024 मध्ये हवाई दलाने स्वतःच्या नेटवर्कवर ‘निपरजीपीटी’ हा प्रयोग सुरू केला, त्यामागे हीच गरज होती. आपल्या युनिटमध्ये आज कोणतं साधन मंजूर आहे ते विचारून घ्यावं, आणि तिथेही गोपनीय मजकूर चालत नाही.

आता लेखनाचं. चॅटबॉटला कच्चं वाक्य दिलं आणि ‘दमदार कर’ म्हटलं की तो तीन गोष्टी हमखास करतो. एक, परिणाम स्वतःच्या मनाने जोडतो. डी-आयसरचं अर्धवट वाक्य दिलं तर ‘विंगची हिवाळी सज्जता लक्षणीय वाढवली’ असं शेपूट येतं. ते कोणी सांगितलेलं नसतं. दोन, नेमका शब्द काढून भारदस्त शब्द घालतो. ‘सील बदलले’चं ‘यांत्रिक त्रुटींचं सर्वंकष निराकरण’ होतं आणि वाक्यातला एकुलता खरा तपशील उडतो. तीन, 350 कॅरेक्टरची मर्यादा सांगितली तरी ती पाळली जाईलच असं नाही, कारण ही मॉडेल्स मजकूर अक्षरांनी हाताळत नाहीत, तुकड्यांनी हाताळतात. मोजणी वेगळ्या साधनानेच करावी.

चौथी अडचण एकट्याच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. सगळा स्क्वाड्रन एकच चॅटबॉट वापरतो, तेव्हा सगळ्यांची वाक्यं एकाच चालीत चालतात. पुरस्काराच्या समितीसमोर बारा नामांकनं एकाच सुरात आली की निवड होते ती आकड्यांवर आणि नेमकेपणावर. म्हणजे फिरून पहिल्याच पायरीवर.

चॅटबॉट उलटा वापरला तर मात्र कामाचा. त्याला वाक्य मागू नका, प्रश्न मागा. सूचना साधारण अशी असावी: “हा माझा कच्चा मजकूर. वाक्य लिहू नकोस. बोर्डावरच्या दुसऱ्या विभागातल्या माणसाला पडतील असे दहा प्रश्न विचार. एकही आकडा स्वतःहून घालू नकोस.” उत्तरं देऊन झाली की मग मसुदा मागावा. शेवटी मसुद्यातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक क्रियापद आपल्या नोंदीशी ताडून बघावं. नोंदीत नसलेलं जे काही दिसेल ते काढावं, कितीही छान दिसलं तरी. सही रेटरची, म्हणजे मूल्यमापन करणाऱ्या वरिष्ठाची असते, चॅटबॉटची नव्हे.

सपोर्ट फॉर्म: कोणी नाव घेत नाही, पण पहिला नंबर याचा

हे साधन आहे लष्कराचं, म्हणजे आर्मीचं. एनसीओच्या, म्हणजे सार्जंटसारख्या अधिकारी नसलेल्या हुद्देदारांच्या, मूल्यमापनासाठी 2166-9 मालिकेतले फॉर्म असतात आणि त्यांच्या जोडीला 2166-9-1ए हा सपोर्ट फॉर्म. अधिकाऱ्यांसाठी तसाच 67-10-1ए. कालावधी सुरू झाल्यापासून पहिल्या तीस दिवसांत रेटरने बसून उद्दिष्टं ठरवायची, नंतर दर तिमाहीला पुन्हा बसायचं. चारित्र्य, व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव, बुद्धी, नेतृत्व, इतरांना घडवणं आणि साध्य करणं, अशा सहा शीर्षकांखाली केलेल्या कामाची नोंद तिथे साठत जाते. वर्षाअखेर अंतिम रिपोर्टमधल्या ओळी त्यातून निघतात: प्रत्येक बुलेट फार तर दोन ओळींची, सुरुवात बहुधा क्रियापदाने, आणि एक कामगिरी एकाच शीर्षकाखाली. तेच काम दोन ठिकाणी वाटून घालता येत नाही. कुठे जास्त शोभेल ते ठरवून एकाच जागी लावायचं.

फॉर्म बघायला गेलं तर रुक्ष. अडचण अशी की निम्म्या ठिकाणी तो शेवटच्या आठवड्यात, मागच्या तारखा घालून भरला जातो. तसा भरला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. पण दर तिमाहीला खरोखर भरला तर वरच्या सगळ्या साधनांची गरज निम्म्याने कमी होते, कारण ‘मग पुढे काय झालं?’ हा प्रश्न उत्तर आठवत असतानाच विचारला जातो. चौदा विमानं उडाली ती नोंद नोव्हेंबरात मागितली तर दहा मिनिटांत मिळते. पुढच्या ऑगस्टमध्ये मागितली तर तो माणूस बदली होऊन गेलेला असतो.

हवाई दलात किंवा नौदलात असाल तरी हीच रीत एका वहीत चालवता येते. एका कामाला एक ओळ, आणि त्या ओळीत सहा खाने: तारीख, मी नेमकं काय केलं, सोबत किती जण आणि माझी भूमिका कोणती, आधी स्थिती काय होती, नंतर काय झाली, पुरावा कुठे आहे. ‘आधी’ हा खाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो, आणि तो रिकामा असेल तर ‘नंतर’ला काही अर्थ उरत नाही. काम हातात घेतल्या दिवशीच तो भरावा. तारीखही महत्त्वाची: रिपोर्टच्या कालावधीबाहेरचं काम त्या रिपोर्टमध्ये घालता येत नाही, आणि तिमाही पुरस्काराच्या बाबतीत तर एका आठवड्याचा फरकही नामांकन पाडू शकतो.

पुरस्काराच्या कागदांसाठी काय बदलतं

मूल्यमापनात माणूस त्याच्या वर्षाशी जोखला जातो, नामांकनात दुसऱ्या माणसांशी. म्हणून नामांकनात सगळं काही कोंबण्यापेक्षा सर्वात वजनदार काम पहिल्या ओळीत घ्यावं आणि त्याला जागा द्यावी. आर्मीच्या पुरस्कार-शिफारशीच्या 638 फॉर्मवर कामगिरीसाठी चार जागा आहेत. पाचवी भरता येत नाही म्हणून हळहळणाऱ्यांच्या चौथीत बहुधा नुसतं जागा भरायला घातलेलं वाक्य असतं. तीन भक्कम ओळींनंतरची एक फुसकी ओळ आधीच्या तिघींनाही खाली ओढते.

प्रशस्तिपत्राचा मजकूर वेगळा असतो, समारंभात मोठ्याने वाचला जातो. त्यात ठरलेली वाक्यरचना असते आणि संक्षेप खपत नाहीत. तिथे बुलेट चिकटवली की वाचणारा अडखळतो. शौर्यपदकांचं काम याहून निराळं. तिथे प्रत्यक्षदर्शींचे जबाब आणि घटनेची सलग हकिकत लागते, टळलेला खर्च आणि टक्केवारी यांना तिथे जागा नाही. या लेखातलं एकही साधन त्या कामाचं नाही.

मूल्यमापन आणि पुरस्कार, दोन्हीकडे वर्ज्य गोष्टी मात्र सारख्या: गोपनीय माहिती, वंश-धर्माचा उल्लेख, वैवाहिक स्थिती, जोडीदाराने तळावर केलेलं सेवाकार्य. कौतुकाच्या भरात हा शेवटचा उल्लेख येतो आणि कागद परत फिरतो.

पैसे घेऊन लिहून देणारे

थोडक्यात आटोपतो: नको. तुम्ही त्यांना जितकी माहिती द्याल तितकंच ते लिहिणार, आणि तेवढी माहिती गोळा केलीत तर वाक्य तुम्हीच लिहाल. शिवाय युनिटची अंतर्गत माहिती एका अनोळखी माणसाच्या ईमेलमध्ये जाऊन पडते.

वही ठेवलीच नाही आणि मुदत आठवड्यावर आली, तर

रिकाम्या चौकटीसमोर बसू नये, तथ्यं खणायला बसावं. पाठवलेल्या ईमेलची पेटी महिन्यामहिन्याने चाळावी. आपण काय केलं ते तिथे तारखेसह असतं, आणि आलेल्या आभारांच्या मेलमध्ये परिणाम असतो. मग कॅलेंडर, प्रवासभत्त्याची बिलं, प्रशिक्षणाच्या नोंदी, देखभालीच्या प्रणालीतल्या बंद झालेल्या जॉबची यादी. युनिटच्या साप्ताहिक बैठकीच्या स्लाइड हा तर खजिनाच, कारण ‘आधी किती’ आणि ‘नंतर किती’ हे दोन्ही आकडे तिथे कोणीतरी आयते मांडून ठेवलेले असतात. यातून वीसेक कामं निघतात. त्यातल्या ज्यांना ‘नंतर’ आहे ती वेगळी काढावीत, साधारण सात-आठ उरतील. मग प्रत्येक कामाच्या पुढच्या टोकाला असलेल्या माणसाला फोन करावा, म्हणजे ज्याने ती गाडी वापरली, ज्याला ते सामान मिळालं, ज्याचं विमान उडालं त्याला, आणि एकच विचारावं: हे झालं नसतं तर त्या दिवशी तुमचं काय अडलं असतं? उत्तर ‘काही नाही’ आलं तर ते काम यादीतून काढावं.